दोन वचनं भांडतात तेव्हा: माणसाची योजना, देवाची इच्छा आणि वाचणाऱ्याची घाई

लिटरेचर रिव्ह्यू करायला बसलं की सगळ्यात आधी छळतात ते एकमेकांविरुद्ध बोलणारे संदर्भ. एक पेपर म्हणतो असं होतं, दुसरा म्हणतो होत नाही, आणि दोन्ही नावाजलेले. अशा वेळी काय करायचं, हे सांगण्यासाठी आज मी मुद्दाम प्रयोगशाळेबाहेरचं उदाहरण घेतोय. बायबलमध्ये माणसाचं नियोजन आणि देवाची इच्छा यांच्याबद्दल बरीच वचनं आहेत आणि ती वरवर पाहता एकमेकांना छेद देतात. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी आहे, धर्मशास्त्राचा नाही. श्रद्धा ठेवावी की नाही हाही आजचा विषय नाही. विषय आहे वाचनाचा. आणि हा मजकूर सरावासाठी फार सोयीचा आहे: तो कुणालाही सहज मिळतो, प्रत्येक वचनाला क्रमांक आहे, त्यामुळे मी म्हणतोय ते तुम्हाला पाच मिनिटांत तपासता येईल. तपासाच.

आधी डेटा मांडू. वचनांचा आशय माझ्या शब्दांत देतोय.

एका बाजूला ही वचनं:

नीतिसूत्रे १५:२२ – मसलत नसेल तर बेत फसतात, सल्लागार पुष्कळ असले की ते टिकतात.
नीतिसूत्रे २१:५ – उद्योगी माणसाचे बेत त्याला भरभराटीकडे नेतात, उतावळा टंचाईत जातो.
लूक १४:२८–३२ – बुरूज बांधायचा तर आधी खर्चाचा हिशोब करावा. लढाईला निघायचं तर दहा हजार माणसं वीस हजारांपुढे टिकतील का, ते आधी बसून पाहावं.

दुसऱ्या बाजूला ही:

नीतिसूत्रे १६:९ – माणूस मनात वाट आखतो, पण पाऊल नक्की करतो परमेश्वर.
नीतिसूत्रे १९:२१ – माणसाच्या मनात बेत पुष्कळ, टिकतो तो परमेश्वराचा.
मत्तय ६:३४ – उद्याची चिंता करू नका.
याकोब ४:१३–१५ – अमक्या शहरी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, नफा कमावू, असं म्हणणाऱ्यांनो, उद्या काय होईल हे तुम्हाला ठाऊक नाही.

ही यादी वाचून माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. पहिला गट म्हणतो, बघा, पुस्तकच स्वतःला खोडतंय. दुसरा गट म्हणतो, छे, विसंगती कसली? तुम्ही योजना करा आणि निकाल देवावर सोडा, झालं की. पहिल्याला विसंगती हवी असते म्हणून ती सापडते. दुसऱ्याला नको असते म्हणून ती नाहीशी होते. माझी दोघांबद्दल तक्रार एकच आहे. सातही वचनं एकाच जातीची आहेत असं दोघंही धरून चालतात. एकाच टोपलीत ओततात आणि मग टोपलीबद्दल निकाल देतात. खरं तर यातल्या काही विसंगती एका शब्दाच्या आहेत, काही संदर्भाच्या आहेत, आणि एक मात्र खरीखुरी आहे. ती वेगळी काढणं हेच वाचणाऱ्याचं काम आहे. आपण तीन चाळण्या लावू आणि शेवटी चाळणीत काय उरतं ते पाहू.

पहिली चाळणी: शब्द

मत्तय ६:३४ पासून सुरू करू, कारण नियोजनाविरुद्ध सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वचन हेच आहे. इथलं मूळ ग्रीक क्रियापद ‘मेरिम्नाओ’. त्याचा रोख मन पोखरणाऱ्या काळजीकडे आहे, वेळापत्रकाकडे नाही. मग गोंधळ कुठून आला? इंग्रजीतून. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात इथे ‘टेक नो थॉट’ असा शब्दप्रयोग आहे. त्या काळच्या इंग्रजीत ‘थॉट घेणं’ म्हणजे काळजीने झुरणं. पुढे इंग्रजीतला तो अर्थ मावळला, भाषांतर मात्र वाचलं जात राहिलं, आणि कित्येकांना ते ‘उद्याचा विचारच करू नका’ असं वाटू लागलं. मराठी भाषांतरांत इथे सरळ ‘चिंता’ हा शब्द आहे, त्यामुळे फक्त मराठी वाचणाऱ्याला हा घोळ व्हायचं कारण नाही. तो होतो इंग्रजीतून उसनी घेतलेली चर्चा मराठीत आणताना.

म्हणून मूळ भाषेपर्यंत जाणाऱ्यांचं महत्त्व. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं आणि १९२२ साली मृत्यूच्या थोडं आधी ते काम पुरं केलं. तुमच्या विषयातही हेच आहे. दुसऱ्याच्या पेपरमधून उचललेला संदर्भ आणि स्वतः उघडून वाचलेला मूळ पेपर यांत किती फरक पडतो, हे एकदा करून बघा.

एक आक्षेप मात्र इथे राहतो आणि तो लपवू नये. त्याच अध्यायात, ६:२६ मध्ये, पाखरांचं उदाहरण आहे: ती पेरत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी त्यांना मिळतं. हे फक्त काळजीबद्दल आहे असं म्हणून सुटका होत नाही, कारण पेरणं आणि कोठार भरणं ही नियोजनाचीच कामं आहेत. माझं वाचन असं: तिथला युक्तिवाद ‘पाखरांसारखं करा’ असा नसून ‘पाखरांना मिळतं तर तुम्हाला का नाही’ असा आहे, कारण तुम्ही त्यांच्यापेक्षा मोलाचे आहात हे वाक्य लगेच त्याला जोडून येतं. तरीही थोडा ताण उरतोच. शब्दाची चाळणी बरंच साफ करते, पण सगळं नाही.

दुसरी चाळणी: कोण, कुणाला, कशासाठी

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं हे विधान खरं. लेहमध्ये ते ८८ अंशांच्या आसपास उकळतं हेही खरं. या दोन विधानांत विसंगती आहे असं आपण म्हणत नाही, कारण पहिल्या विधानात ‘समुद्रसपाटीला’ ही अट न बोलता धरलेली असते. वचनांच्याही अशा न बोललेल्या अटी असतात आणि त्या आजूबाजूच्या ओळींत सापडतात.

याकोबाचं पत्र घ्या. १३ ते १५ या ओळींतच थांबलं तर वाटतं की तो व्यापाऱ्यांच्या बिझनेस प्लॅनवर घसरलाय. १६वी ओळ वाचा. दोष कशाला दिलाय? बढाईला. त्यांनी ठिकाण, मुदत आणि नफा ठरवला याला त्याची हरकत नाही. पुढचं वर्ष आपल्या खिशात असल्यासारखं ते बोलतात, याला आहे. अजून थोडं पुढे, पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीला, तो शेतमजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या श्रीमंतांना धारेवर धरतो. म्हणजे त्याच्यासमोर कोण बसलंय याचा अंदाज येतो. हे वचन पैशापाण्याने भक्कम माणसांना उद्देशून आहे. उद्याच्या जेवणाची सोय नसलेल्या माणसाला तेच ऐकवणं म्हणजे औषध दुसऱ्याच रोग्याला देणं.

आता लूक १४. बुरुजाचा हिशोब हे वचन नियोजनाच्या बाजूने पुष्कळ वापरलं जातं, अगदी बजेटवरच्या व्याख्यानातसुद्धा. पण हा दाखला कशासाठी दिलाय? शिष्य व्हायचं तर किंमत काय मोजावी लागेल हे आधी पाहा, म्हणून. आणि ३३व्या ओळीत ती किंमत सांगितली आहे: जे काही आहे त्या सगळ्याचा त्याग. मग हिशोब नीट करा सांगणाऱ्या दाखल्याचा शेवट ‘सगळं सोडा’ असा होतो. याला नियोजनाचा पुरावा म्हणून उभं करणारा माणूस १४व्या अध्यायातल्या पाच ओळी वाचतो आणि सहावी गाळतो.

याच शुभवर्तमानात, १२:१६–२१ मध्ये, एक श्रीमंत शेतकरी आहे. पीक अमाप येतं, तो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो आणि त्याच रात्री मरतो. त्याला मूर्ख म्हटलंय. आता उत्पत्तीच्या ४१व्या अध्यायातला योसेफ बघा. तोही कोठारंच भरतो. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायचा, पुढच्या सात वर्षांच्या दुष्काळासाठी. त्याला शहाणा म्हटलंय. दोन्हीकडे कृती एकच, साठवण. म्हणजे ‘नियोजन चांगलं की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा व्हेरिएबल धरतो. बदलतंय ते ‘कुणासाठी’. शेतकऱ्याचं सगळं बोलणं ‘माझं पीक, माझी कोठारं’ असं आहे. योसेफ एका देशाची सोय लावतोय. योसेफाचं उदाहरणही अगदी चकचकीत नाही हे लक्षात असू द्या: ४७व्या अध्यायात दुष्काळ लांबतो तेव्हा लोक त्याच धान्यासाठी आधी गुरं, मग जमिनी आणि शेवटी स्वतःलाही फारोला विकतात. चांगल्या योजनेचं बिल कुणी भरलं, हे ग्रंथाने लपवलेलं नाही.

आणखी एक वचन या चाळणीतून काढायलाच हवं, कारण परीक्षेच्या आणि मुलाखतीच्या दिवसांत ते फार फिरतं: यिर्मया २९:११. तुमच्यासाठी माझे बेत भल्याचे आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे आहेत, असा त्याचा आशय. भिंतीवरच्या फ्रेममध्ये हे वैयक्तिक आश्वासन वाटतं. पण हा एका पत्राचा भाग आहे. इसवी सनपूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या माणसांना यिर्मयाने ते लिहिलंय. आदल्याच अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं जाहीर केलं होतं. यिर्मया त्याला खोटा ठरवतो आणि पत्रात आकडा देतो: ७० वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आणि या काळात करायचं काय? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं बघा. देवाच्या योजनेबद्दलचं सगळ्यात प्रसिद्ध वचन हे माणसांना लांब मुदतीचं नियोजन करायला सांगणाऱ्या पत्रात आहे. फ्रेममध्ये ते पत्र मावत नाही.

तिसरी चाळणी: मजकुराची जात

आता नीतिसूत्रे. ही म्हणींची जात आहे आणि म्हण हे प्रमेय नव्हे. आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात आणि ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ असंही म्हणतात. यातली एक खोटी म्हणून आपण टाकून दिली नाही. कुठल्या वेळी कुठली काढायची, हे कळण्यालाच आपण शहाणपण म्हणतो.

हा बचाव मी बाहेरून आणून चिकटवतोय का? नाही. पुस्तकच तो पुरवतं. नीतिसूत्रे २६:४ आणि २६:५ लागोपाठ वाचा. पहिलं म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको, दुसरं म्हणतं दे. ही हस्तलिखितातली गफलत असणं अवघड आहे. संकलन करणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवलीत आणि दोन्हींना कारणं जोडलीत. हे संकलन आहे हे पुस्तक स्वतः सांगतं: २५:१ मध्ये पुढची वचनं हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून घेतल्याची नोंद आहे. जुन्या यहुदी पंडितांनाही ही जोडी खटकली होती. तालमूदच्या ‘शब्बात’ या भागात नोंद आहे की या विसंगतीमुळे नीतिसूत्रे बाजूला ठेवण्याचा विचार झाला होता. मग तोडगा निघाला तो असा: एक वचन धर्मशास्त्राच्या चर्चेबद्दल, दुसरं ऐहिक बोलण्याबद्दल. म्हणजे ‘पुस्तक स्वतःला खोडतंय’ हा आधुनिक शोध अजिबात नाही.

आता चाळणीत काय उरलं

इथे बहुतेक जुळवून घेणारे लेखक थांबतात. शब्द झाला, संदर्भ झाला, जात झाली, सगळं छान जुळलं! पण आपण थांबायचं नाही, कारण एक जोडी तिन्ही चाळण्यांतून खाली पडत नाही. नीतिसूत्रे १५:२२ आणि १९:२१.

दोन्ही एकाच संग्रहात आहेत, १०व्या अध्यायापासून २२व्याच्या मध्यापर्यंत जाणाऱ्या. दोन्हींची जात एक. दोन्हींना कथेचा संदर्भ नाही. आता हिब्रू शब्द पाहू. बेतांसाठी दोन्हीकडे ‘मखशावोत’. ‘पुष्कळ’ दोन्हीकडे एकाच धातूतून: तिकडे सल्लागार पुष्कळ, इकडे बेत पुष्कळ. पहिल्यात सल्लागारांना ‘योअत्सीम’ म्हटलंय, दुसऱ्यात परमेश्वराच्या मसलतीला ‘एत्सा’, आणि हे दोन्ही एकाच धातूचे. शेवटचं क्रियापद तर हुबेहूब एक: ‘तकूम’, म्हणजे उभं राहतं, टिकतं. पहिलं वचन म्हणतं, मसलत करणारे पुष्कळ असले की बेत टिकतो. दुसरं म्हणतं, बेत पुष्कळ, मसलत टिकते ती एकाचीच. दुसऱ्याने पहिल्याला मुद्दाम उत्तर दिलंय असं मी म्हणणार नाही. हे शब्द त्या साहित्यात नेहमीचे आहेत आणि तेवढ्यावरून हेतू सिद्ध होत नाही. पण ‘दोन्ही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत’ हा बचाव इथे चालत नाही. प्रश्न एकच आहे: बेत कशाने टिकतो?

यावर तीन उत्तरं दिली जातात. एकेक तपासू.

पहिलं, जुळवून घेणारं: सल्लागार उपयोगी पडतात, पण देवाची इच्छा असेल तरच. ऐकायला बरं वाटतं. अडचण अशी की १५:२२ मध्ये ‘तरच’ नाही. तिथे देवाचा उल्लेखच नाही. एका वचनाची अट दुसऱ्यात घालून दोन्ही जुळवणं म्हणजे एका ग्राफचा एरर बार दुसऱ्यावर काढणं.

दुसरं उत्तर विल्यम मॅक्केन यांच्या १९७० मधल्या नीतिसूत्रांवरच्या भाष्यातलं. त्यांनी वचनांचे वर्ग पाडले आणि मांडलं की व्यवहारी शहाणपणाची वचनं जुनी, तर देवाची भाषा बोलणारी वचनं नंतरच्या धार्मिक दृष्टीतून आलेली. मग विसंगती दोन पिढ्यांमधली ठरते. कल्पना नीटनेटकी आहे, पण पुरावा बघा. वचन उशिराचं कशावरून? त्यात देव आहे म्हणून. आणि देव का आहे? उशिराचं आहे म्हणून. बाहेरचा पुरावा मिळेपर्यंत हा युक्तिवाद स्वतःभोवती फिरत राहतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असं वर्तुळ सापडलं तर समितीतलं कुणीतरी बोट ठेवणारच.

तिसरं उत्तर गेर्हार्ड फॉन राड यांचं, त्याच वर्षी जर्मनमध्ये आलेल्या इस्राएलच्या शहाणपणावरच्या ग्रंथातलं. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं की ऐहिक आणि धार्मिक ही फाळणी आपली आहे, त्या शहाण्यांची नव्हती. उत्तम योजना करणाऱ्यालाच कधीतरी तिची हद्द लागते आणि ही वचनं त्या हद्दीची नोंद आहेत. मला हे तिघांत जास्त पटतं आणि त्याला मजकुरातून आधार मिळतो: २१:३१. लढाईच्या दिवसासाठी घोडा तयार केला जातो, जय मात्र परमेश्वराकडून. घोडा तयार करू नका असं तिथे कुणी म्हणत नाही. घोडा तयार आहेच. वचन फक्त जयावरचा हक्क काढून घेतं.

पण फॉन राड यांचंही वाचन पुरतं बसत नाही. १६:९ मध्ये परमेश्वर शेवटच्या टप्प्यावर येत नाही, तो पाऊलच नक्की करतो. ही हद्द वाटेच्या शेवटी नाही, प्रत्येक पावलाखाली आहे. आणि १६:३ मध्ये तर, आपली कामं परमेश्वरावर सोपवली तर बेत पक्के होतील असं सांगताना त्याच धातूचं क्रियापद वापरलंय. म्हणजे १६:३ मध्ये पक्के होतात माणसाचे बेत आणि १६:९ मध्ये त्याच माणसाचं पाऊल परमेश्वर पक्कं करतो. ही वचनं संपादकाने जवळजवळ ठेवलीत यावरून काही जण बरंच सिद्ध करू पाहतात. त्यांना एक सूचना: सेप्टुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात या भागाचा क्रम वेगळा आहे आणि काही वचनं तिथे नाहीतच. शेजारावर उभारलेला युक्तिवाद हिब्रू प्रतीपुरताच धरावा.

मग माझा निष्कर्ष? १५:२२ आणि १९:२१ यांच्यातला ताण खरा आहे आणि तो सोडवलेला नाही. हिब्रू ग्रंथ दोन कारणांना एकमेकांच्या जागेवर भांडायला लावत नाही. उत्पत्ती ५०:२० मध्ये योसेफ भावांना म्हणतो की तुम्ही माझं वाईट योजलंत, देवाने त्यातून चांगलं योजलं. दोन्हीकडे क्रियापद एकच, ‘मखशावोत’ ज्या धातूतून येतो त्याचं. भावांचा गुन्हा देवाच्या योजनेमुळे पुसला जात नाही आणि देवाची योजना भावांमुळे अडत नाही. हे कसं शक्य आहे, याचं यंत्र तिथे उघडून दाखवलेलं नाही. ज्याला ते यंत्र हवंय त्याला तत्त्वज्ञानाकडे जावं लागेल. पण जुळवून घेणाऱ्याने ते यंत्र या वचनांतच सापडलं असं म्हणू नये.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं

सिद्धांत पुरे. एका माणसाचं वेळापत्रक बघू. १ करिंथ १६:५–९ मध्ये पौल लिहितो: मासेदोनियातून येईन, तुमच्याकडे कदाचित हिवाळाही काढीन, प्रभूने होऊ दिलं तर. पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत इफिसातच थांबतोय, कारण इथे कामाला मोठी संधी आहे. इथे ठिकाणं आहेत, मुदत आहे, कारण आहे आणि अटही आहे. याकोबाने मागितलेलं ‘प्रभूची इच्छा असेल तर’ इथे योजनेच्या जागी आलेलं नाही, योजनेच्या आत बसलंय.

पुढे बेत बदलला. करिंथचे लोक चिडले, याचा शब्द पक्का नाही म्हणाले. दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल उत्तर देतो, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हात झटकायची सोय त्याच्या हाताशी होती: देवाची इच्छा नव्हती, विषय संपला. तो तसं म्हणत नाही. तो कारण देतो: तुम्हाला दुःख द्यायचं टाळलं, म्हणून आलो नाही. बदललेल्या योजनेची जबाबदारी त्याने स्वतःकडे ठेवली.

त्याचा तिसरा बेत रोमकरांच्या पत्रात आहे: यरुशलेमला मदत पोचवून रोममार्गे स्पेन. प्रेषितांच्या कृत्यांनुसार तो रोमला पोचला खरा, पण कैदी म्हणून, आणि ते पुस्तक तिथेच पहाऱ्यातल्या दोन वर्षांवर संपतं. ठिकाण आलं, मार्ग मात्र त्याने आखलेला नव्हता. १६:९ चं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही. आणि लक्षात घ्या, त्याने बेत आखला होता म्हणूनच हे उदाहरण झालं.

तुम्हाला यातून काय घ्यायचंय

एक धोका सांगतो. निकाल लागल्यावर ही वचनं फार स्वस्त होतात. कुणाची फेलोशिप हुकली की एक नातेवाईक म्हणतो ‘प्लॅनिंगच नव्हतं’, दुसरा म्हणतो ‘देवाच्या मनात नव्हतं’. दोन्ही वाक्यं कुठल्याही निकालाला बसतात, म्हणून ती कुठल्याच निकालाचं कारण सांगत नाहीत. बायबलमध्येच तिसरा आवाज आहे, तो फार कमी वेळा ऐकवला जातो: उपदेशक ९:११. शर्यत वेगवानाचीच असते असं नाही, काळ आणि योगायोग सगळ्यांना गाठतात. अपयशी माणसाच्या वाट्याला दोष येऊ नये अशी सोय या एका वचनात आहे. ते यादीतून गाळणारा वाचक नुसता अपुरा नाही, निर्दयही ठरतो.

वाचनापुरतं सांगायचं तर: दोन संदर्भ भांडताना दिसले की आधी शब्द मूळ भाषेत, म्हणजे तुमच्यासाठी मूळ पेपरच्या व्याख्येत, एकच आहे का बघा. मग अटी बघा. मग मजकूर कुठल्या जातीचा आहे ते बघा: रिव्ह्यू आहे, प्रयोग आहे की नुसतं मतप्रदर्शन. बहुतेक भांडणं इथेच मिटतात. जे मिटत नाही ते जबरदस्तीने मिटवू नका, त्याला प्रबंधात स्वतःचा परिच्छेद द्या. बऱ्याचदा तुमचा रिसर्च गॅप तिथेच असतो.

सरावासाठी एक काम. नीतिसूत्रे १६:३३ वाचा, मांडीवर टाकलेल्या चिठ्ठ्यांबद्दलचं. मग प्रेषितांची कृत्ये १:२३–२६ वाचा, जिथे चिठ्ठ्या टाकून माणूस निवडला जातो, पण त्याआधी दोन उमेदवार माणसांनीच ठरवलेले असतात. या दोन उताऱ्यांना तिन्ही चाळण्या लावा आणि काय उरतं ते कमेंटमध्ये लिहा. उत्तर जुळवून आणू नका. उरलेलं तसंच लिहा.